चेक लाइट पेटली की आधी हवेची वाट तपासा: जुन्या टर्बो गाडीचे इनटेक कोड कसे शोधायचे

वंटमुरी घाट चढत होतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. त्याला मागे टाकायला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडीचा दमच गेला. हिसका नाही, आवाज नाही. इंजिन फिरतंय, पण मागून कुणीतरी दोरी बांधून धरल्यासारखं. डॅशबोर्डवर पिवळी लाइट. घाट संपल्यावर गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर ती पहिल्यासारखी पळायला लागली, लाइट मात्र तशीच राहिली.

बेळगावात आल्यावर एका गॅरेजात स्कॅनर लावला. दोन कोड निघाले, पी०२९९ आणि पी०१०१. पहिल्याचा अर्थ टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब हवा तेवढा चढत नाही, दुसऱ्याचा अर्थ एअर फ्लो सेन्सरचा आकडा कंप्युटरला पटत नाही. सेन्सर बदलायचं ठरलं. बदलला, कोड उडवले, पैसे दिले. नवव्या दिवशी त्याच घाटात तीच लाइट. शेवटी दोष सापडला तो टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी होजमध्ये, क्लिपच्या पट्टीखाली. दीड इंचाची चीर होती. जुना सेन्सर चांगलाच होता, तो अजून माझ्याकडे जपून ठेवलाय.

त्यानंतर मित्रांच्या, नातेवाइकांच्या गाड्या तपासत गेलो आणि एक गोष्ट पक्की झाली. कोड कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही. गडबड कुठल्या ठिकाणी जाणवली एवढंच तो सांगतो. त्यामुळे फिल्टरच्या तोंडापासून व्हॉल्व्हपर्यंत हवेची सगळी वाट एकदा क्रमानं, मोजून तपासल्याशिवाय एकही सेन्सर विकत घेऊ नका.

आपल्याकडे, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात, अशा गाड्यांची आवड वाढली आहे. लॉरा व्हीआरएस, ऑक्टेव्हिया व्हीआरएस, तीन दरवाजांची पोलो जीटीआय, अबार्थ पुंटो, बलेनो आरएस. यातल्या बहुतेक नव्या आता मिळत नाहीत, म्हणून पुणे, मुंबई, गोवा, बेंगळुरू इथून जुन्या आणायच्या. गाडी एमएच किंवा जीए पासिंगची असली की ना हरकत दाखला, केए २२ किंवा केए २३ चं पासिंग आणि रोड टॅक्स यातच महिना जातो. इंजिनकडे बघायला त्या धावपळीत कुणाला सवड नसते, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

हवेचा हिशेब

पुढचं सगळं या एका चित्रावर उभं आहे, म्हणून हे नीट समजून घ्या. साखर कारखान्याच्या दारात वजनकाटा असतो. ट्रॉली काट्यावर चढते, पावती निघते आणि पुढचा सगळा हिशेब त्या पावतीवर चालतो. एअर फ्लो सेन्सर हा इंजिनचा काटा. तो एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसतो आणि दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते कंप्युटरला सांगतो. त्या पावतीवरून कंप्युटर पेट्रोल किती मारायचं ते ठरवतो.

आता काटा ओलांडल्यावर वाटेत ऊस उतरवला तर पावतीवर जास्त आणि गव्हाणीत कमी. टर्बो आणि थ्रॉटल (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप) यांच्यामधला होज फाटला की हेच होतं. दाब चढला की मोजलेली हवा बाहेर फुसकते, पेट्रोल मात्र पावतीप्रमाणेच पडतं आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. उलट, काटा चुकवून मागच्या वाटेनं ऊस आत आला तर पावतीवर कमी आणि गव्हाणीत जास्त. थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला गळती असली की आयडलिंगला तिथल्या ओढीमुळे न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. पी०१७१ हा कोड बहुतेक वेळा इथून येतो. काटाच चुकीचा असू शकतो, नाही असं नाही. पण गाडीच्या बाबतीत ती शंका शेवटी घ्यायची.

काही लहान टर्बो इंजिनांत एअर फ्लो सेन्सर नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यावरून हवेचा हिशेब केला जातो. अशा गाडीत चोरवाटेनं आलेली हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे लीनचा कोड न येता आयडलिंग चढलेलं राहतं आणि पी०५०७ येतो. आपल्या गाडीत कुठली पद्धत आहे ते आधी बघून घ्या. फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपवर चार-पाच वायरींचा कपलर असेल तर काटा आहे.

साहित्य

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यात निम्मं काम होतं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात तो बसतो. स्कोडा आणि फोक्सवॅगनसाठी मात्र त्या समूहाची भाषा बोलणारा व्हीसीडीएससारखा स्कॅनर मिळाला तर फार फरक पडतो. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब त्यात शेजारी-शेजारी दिसतात. बाकी मल्टिमीटर, चांगली टॉर्च, टॉर्क्स बिटांचा संच, एअर फ्लो सेन्सरचा खास क्लीनर स्प्रे, आणि एक वही. वही मी आवर्जून सांगतोय. मोबाइलमधले स्क्रीनशॉट ऐनवेळी सापडत नाहीत.

पहिली पायरी: काहीही उडवू नका

स्कॅनर लावला की हात आपोआप "क्लिअर" कडे जातो. तो आवरा. कोडबरोबर कंप्युटरनं त्या क्षणाचं एक छायाचित्र साठवलेलं असतं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड लागला तेव्हा इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर होतं, पाणी किती तापलं होतं, लोड किती, वेग किती, हे सगळं त्यात असतं. माझ्या पी०२९९ च्या फ्रेममध्ये ३,१०० फेऱ्या आणि जवळजवळ पूर्ण लोड होता. आयडलिंगला दोष नाही, दाब चढल्यावर आहे, हे तिथेच लिहिलेलं होतं. कुणी वाचलं नाही. कोड उडवला की फ्रेमही जाते.

वहीत लिहायचं ते असं: सगळे कोड, त्यातले पक्के कुठले आणि पेंडिंग (दोष दिसलाय, पण लाइट अजून पेटलेली नाही) कुठले, फ्रीझ फ्रेमचे आकडे, बाहेरचं हवामान, रस्ता चढाचा होता की सपाट.

गाडी अजून विकत घ्यायची असेल तर याच पायरीत आणखी दोन गोष्टी बघा. बऱ्याच अॅपमध्ये "कोड उडवल्यापासूनचं अंतर" दिसतं. मालक सांगतो पाच वर्षांत लाइट पेटली नाही आणि अॅप सांगतं १४ किलोमीटर. मग काय झालंय ते वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट रेडिनेस. कंप्युटर स्वतःच्या तपासण्या करत असतो, आणि कोड उडवले की त्या सगळ्या "अपूर्ण" होतात. पुन्हा पूर्ण व्हायला थंड स्टार्टपासून हायवेपर्यंत वेगवेगळं चालवणं लागतं. चालू वापरातल्या गाडीत निम्म्या तपासण्या अपूर्ण दिसत असतील तर सौदा दोन दिवस पुढे ढकला आणि गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा.

दुसरी पायरी: कोडचं घराणं ओळखा

इनटेकचे कोड दोन जातींचे. एक वायरीचे, दुसरे पटण्या-न पटण्याचे. पी०१०२ आणि पी०१०३ म्हणजे एअर फ्लो सेन्सरचा सिग्नल फार कमी किंवा फार जास्त. पी०१०७ आणि पी०१०८ म्हणजे तेच मॅप सेन्सरचं (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), पी०११२ आणि पी०११३ हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं. हे वायरीचे कोड. इथे आधी कपलर काढून बघायचा. गोव्याहून आलेल्या गाड्यांत खाऱ्या हवेनं पिनांवर हिरवट थर चढलेला मी दोनदा पाहिलाय. ज्या गाड्यांत हवेचं तापमान मोजणारा सेन्सर एअर फ्लोच्याच कपलरमध्ये असतो, तिथे दोन्हीचे कोड एकदम आले तर दोन सेन्सर एकाच दिवशी गेले असं समजू नका. कपलर किंवा त्याची अर्थ वायर धरा. मॅप सेन्सरच्या तीन मूळ वायरी म्हणजे पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. तापमानही त्यातच मोजलं जात असेल तर चौथी. चावी चालू करून मल्टिमीटरनं पहिल्या दोन तपासायला पाच मिनिटं लागतात.

पी०१०१, पी०१०६, पी०१७१, पी०१७२, पी०२९९, पी२१८७, पी२२७९ हे न पटण्याचे कोड. इथे उलटं वागायचं. सेन्सर खरं बोलतोय असं धरून चालायचं आणि तो जे सांगतोय ते का घडतंय ते शोधायचं. पी२१८७ म्हणजे आयडलिंगला लीन, पी२२७९ म्हणजे इनटेकमध्ये हवेची गळती. हे दोन आले तर निम्मं उत्तर हातात आलंच.

एक इशारा. या कोडांसोबत पी००१६ दिसला, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसला, आणि थंड स्टार्टला पुढच्या बाजूनं खडखड ऐकू येत असली, तर हा लेख बाजूला ठेवा. गाडी चालवू नका, टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर आधी बघून घ्या. चेन उडाली तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इनटेकचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी पायरी: इंजिन बंद, चावी चालू

ही तपासणी फुकटची आहे आणि ती फारसं कुणी करत नाही. रात्रभर थंड झालेल्या गाडीत सकाळी चावी फिरवा, स्टार्ट करू नका. हवेचं तापमान आणि पाण्याचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. एअर फ्लो शून्याच्या आसपास. आणि मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे ९२ ते ९३ किलोपास्कल हा योग्य आकडा. इंटरनेटवर वाचून बरेच जण १०१ शोधतात आणि चांगला सेन्सर बाद करतात. १०१ दिसेल तो चोर्ला घाट उतरून पणजीला गेल्यावर. बेळगावात उभ्या गाडीत १०१ दिसत असेल तर मात्र शंका घ्या.

इंजिन चालू करून तापल्यावर, एसी बंद ठेवून, मॅप साधारण ३० ते ४० च्या दरम्यान यायला हवा. १.८ लिटरच्या इंजिनात एअर फ्लो दोन ते चार ग्रॅम प्रति सेकंद.

चौथी पायरी: फ्युएल ट्रिम वाचणं

सगळ्या लेखातून एकच पायरी करणार असाल तर ही करा.

कंप्युटर पावतीप्रमाणे पेट्रोल मारतो, एक्झॉस्टच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो आणि कंप्युटर दुरुस्ती करतो. ती दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची, लाँग टर्म म्हणजे शिकून लक्षात ठेवलेली. दोन्हींची बेरीज करायची. अधिक आकडा म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, मिश्रण लीन आहे. उणे म्हणजे कमी करावं लागतंय, मिश्रण रिच आहे. पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, दहाच्या पलीकडे गेलं तर शोध घ्यायचाच.

आकडे तीन ठिकाणी घ्या: गरम इंजिन आयडलिंगला, उभ्या गाडीत २,५०० फेऱ्या धरून, आणि चढावर लोडखाली.

आयडलिंगला अधिक १८ आणि २,५०० ला अधिक ३ आलं, तर थ्रॉटलच्या पलीकडे हवा शिरतेय. फेऱ्या वाढल्या की एकूण हवेत त्या चोरट्या हवेचा वाटा कमी होतो, म्हणून आकडा उतरतो. मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्ही व्हॉल्व्ह (तो सातव्या पायरीत येतो), इंजेक्टरच्या रिंगा, यांपैकी काहीतरी.

आयडलिंगला बरोबर आणि लोड वाढेल तसा अधिकाचा आकडा चढत गेला, तर दोन शक्यता. एअर फ्लो सेन्सर मळून कमी मोजतोय किंवा पेट्रोल कमी पडतंय. अशा वेळी पेट्रोलच्या रेलमधला दाब बघा. मागितलेला आणि मिळालेला दाब जुळत असेल तर मग सेन्सरकडे वळा.

आयडलिंगला बरोबर, लोडखाली उणे, आणि टर्बोचा दाबही कमी, म्हणजे मोजलेली हवा वाटेत सांडतेय. माझी गाडी अशीच होती. आयडलिंगला अधिक २, घाटात उणे १३. हे दोन आकडे पहिल्याच दिवशी बघितले असते तर सेन्सरचे पैसे वाचले असते.

आयडलिंगला उणे आणि फेऱ्या वाढवल्यावर ठीक, तर पेट्रोलची वाफ नको तिथून येतेय. टाकीची वाफ इनटेकमध्ये सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, इंजेक्टर ठिबकत असेल किंवा ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलं असेल. पंपावर टाकी भरली की गाडी स्टार्टला त्रास देते अशी तक्रार असेल तर पहिलं नाव पर्ज व्हॉल्व्हचं.

पाचवी पायरी: डबा उघडा

आता हात काळे करायचे. एअर फिल्टरचा डबा उघडा आणि फिल्टर बाहेर काढण्याआधी तो नीट बसला होता का ते बघा. रबराची कड एका कोपऱ्यात दुमडली असेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. खानापूर बाजूच्या गाड्यांत हा माग लाल दिसतो, अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानातल्या गाड्यांत राखाडी. फिल्टरच्या पलीकडच्या, स्वच्छ असायला हव्या अशा बाजूला बोट फिरवून बघा. बोटाला माती लागली तर ती टर्बोच्या पात्यांपर्यंत गेलेली आहे.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्या गाडीच्या फिल्टरमध्ये पाचटाचे धागे अडकतात. महिन्यातून एकदा बघत जा, कंपनीच्या किलोमीटरची वाट बघू नका. पावसाळ्यात फिल्टरचा कागद भिजून फुगतो. आणि उंदीर. शहापुरातल्या एका ओळखीच्यांची गाडी दोन महिने शेडमध्ये होती. डबा उघडला तर भुईमुगाची टरफलं, कापसाचे बोळे आणि फिल्टरच्या कागदात मुठीएवढं भोक. कोड होता पी०१०१. सेन्सरच्या जाळीवर कापूस चिकटला होता, चिमट्यानं काढला आणि कोड गेला.

सेन्सर साफ करायचा असेल तर त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा पेट्रोलनं आतला नाजूक थर खराब होतो. स्पर्श करायचा नाही, कापूस फिरवायचा नाही, कंप्रेसरची हवा मारायची नाही. सात-आठ फवारे आणि पंधरा मिनिटं सावलीत वाळवणं, बस. आधीच्या मालकानं तेल लावलेला शंकूसारखा फिल्टर बसवला असेल तर ते तेल सेन्सरवर येतंच. मी असे फिल्टर काढून मूळ डबा परत बसवायला सांगतो. आपल्या धुळीत त्या दोन-तीन घोड्यांचा लोभ परवडत नाही.

सहावी पायरी: गळती शोधणं

आधी डोळ्यांनी. टर्बोमधून निघालेल्या हवेत ऑइलचा बारीक अंश असतोच, त्यामुळे जिथून हवा फुसकते तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. टर्बोपासून इंटरकूलर, तिथून थ्रॉटल, प्रत्येक सांध्यावर टॉर्च मारा. माझ्या गाडीत खालच्या क्लिपभोवती करगोटीएवढा काळा पट्टा होता. क्लिप जागेवर असताना रबर धड दिसत होतं. ती सैल करून मागे सरकवली आणि होज अंगठ्यानं दाबला तेव्हा चिरेचं तोंड उघडलं.

डोळ्यांना सापडलं नाही तर धूर. स्मोक मशीन मिळालं तर सगळ्यात चांगलं. नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या टर्नरकडून होजच्या मापाचं गोल बूच करून घ्या आणि त्याला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. इंजिन थंड, चावी बाहेर. एअर फ्लो सेन्सरच्या पुढचा पाइप मोकळा करून त्यात बूच घट्ट बसवा, ऑइलचं झाकण सैल करा आणि काटा असलेल्या पंपानं हळूहळू ४ ते ५ पीएसआय हवा भरा. त्यापलीकडे जाऊ नका, इंजिनच्या ऑइल सीलना दाब सोसत नाही. साबणाचं पाणी सांध्यांवर शिंपडा आणि ऐका. ऑइलच्या झाकणातून थोडी हवा येणारच, तिच्यामागे लागू नका. बुडबुडे जिथे, गळती तिथे.

चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून फेऱ्या बदलतात का ते बघायची जुनी रीत आहे. तापलेल्या टर्बोजवळ ती करू नका. तो स्प्रे पेट घेतो.

तुटलेला होज टेपनं गुंडाळून चालत नाही, ऑइलनं टेप सुटतो. नवा होज आणि नवी क्लिप दोन्ही घ्या. उद्यमबागेतल्या ज्या जुन्या फिटरनं माझी चीर शोधली, ते क्लिप आवळताना म्हणाले होते, "साहेब, मशीन सांगायलंय हवा कमी. कुठं कमी, ते आपणच हात घालून बघायचं."

सातवी पायरी: पीसीव्ही

क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागातली, वाफ इनटेकमध्ये परत सोडणारा हा व्हॉल्व्ह. आतला रबरी पडदा फाटला की आयडलिंगला लीन, पी०१७१, कधी पी०५०७, आणि बोनेटखाली बारीक शिट्टी. तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा पसरा. थोडासा आत ओढला गेला तर ठीक. जोरात खेचला गेला किंवा झाकणच हाताला निघेना, तर पडदा फाटलाय. फुग्यासारखा वर आला तर वाट तुंबलीय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. अनेक टर्बो इंजिनांत सगळी तबकडी एकत्रच बदलावी लागते. हे काम लांबवू नका. क्रँककेसमध्ये अशी जास्तीची ओढ राहिली तर मागचं ऑइल सील जातं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आठवी पायरी: टर्बोचा दाब

होज धड आहेत आणि तरी पी०२९९ येतो, मग डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय सोडल्यावर जास्तीचा दाब वळवणारा) पडदा, वेस्टगेटचा (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) दांडा आणि त्याला दाब पोचवणाऱ्या बारीक नळ्या. या नळ्या उन्हानं कडक होऊन टोकाला तडकतात. अर्धा इंच कापून पुन्हा बसवली तरी काम होतं.

चढावरची चाचणी दोघांनी करायची. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं अॅपवर रेकॉर्ड करायचं. चालवणाऱ्यानं मोबाइलकडे बघायचं नाही. पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, वेगाच्या मर्यादेत, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून पूर्ण पाय. ढोबळ हिशेब असा: दर अश्वशक्तीला साधारण ०.८ ग्रॅम प्रति सेकंद हवा लागते. १६० च्या इंजिनात वरच्या फेऱ्यांना १२५-१३० च्या आसपास आकडा यायला हवा. आकडा पोचतो पण दाब चढत नाही, तर गळती. दोन्ही कमी, तर टर्बो किंवा वेस्टगेट, नाहीतर फिल्टर तुंबलाय.

नववी पायरी: फ्लॅप आणि काजळी

पी२०१५ आणि पी२००४ मॅनिफोल्डमधल्या फ्लॅपचे, म्हणजे हवेची वाट आवळणाऱ्या पाकळ्यांचे. फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ इंजिनांत पी२०१५ ओळखीचा आहे. फ्लॅप हलवणारा दांडा हातानं हलवून बघा. मोकळा फिरला पाहिजे, पण खिळखिळा नको. तो अडकत असेल तर आत काजळी, खुळखुळत असेल तर टोकाचा सेन्सर चुकीची जागा सांगतोय. व्हॅक्यूमची नळी निघालेली असेल तर तेवढीच बसवून काम भागतं, म्हणून मॅनिफोल्डची ऑर्डर द्यायच्या आधी नळी बघा.

काजळीचं कारण साधं आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही. पीसीव्हीतून येणारी तेलकट वाफ तिथे भाजत राहते. म्हणून टाकीत ओतायच्या औषधांनी ही काजळी निघत नाही, कितीही महाग असलं तरी. थंड सकाळी मिसिंग, पी०३००, आणि तापल्यावर ठीक, अशी लक्षणं असतील तर मॅनिफोल्ड उतरवायचं. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत त्याच पोर्टमध्ये सॉल्व्हंट ओता, भिजू द्या, नायलॉनच्या ब्रशनं घासा, व्हॅक्यूमनं ओढून घ्या. मग क्रँक फिरवून पुढचा. व्हॉल्व्ह उघडा असताना ओतलं तर ती घाण सिलिंडरमध्ये जाते. चार सिलिंडरना पूर्ण दिवस धरा, आणि पॅकिंग नवं घाला.

शेवटी कोड उडवा

दोष सापडला, दुरुस्त झाला, आता कोड उडवायचे. शिकलेले ट्रिमही शून्य करा. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर तिचं बेसिक सेटिंग स्कॅनरनं करून घ्या, नाहीतर आयडलिंग वर-खाली होत राहील. मग दोन-तीन दिवस सगळ्या प्रकारे चालवा: थंड स्टार्ट, टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर उभं राहणं, हायवेला हत्तरगीपर्यंत एकसारख्या वेगानं जाणं, येताना घाट. रोज रात्री पेंडिंग कोड बघा. लाइट पेटायच्या आधी कोड तिथे येतो.

रेडिनेस पूर्ण झाल्यावर तेच तीन ठिकाणचे ट्रिम पुन्हा घेऊन वहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहा. माझ्या वहीत घाटातला उणे १३ होता, त्याच्या पुढे आता उणे १ आहे. रबर बसल्यावर क्लिप थोडी सैल होते. पाचशे किलोमीटरनंतर ती एकदा पुन्हा आवळायची.